ज्या कामाला मिरग नाही

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावात चालढकल औषधाला सापडत नाही. कौलं परतून होतात, फुटकी बदलली जातात, लाकडं पडवीत रचली जातात. खळ्यातला मांडव उतरतो. आगोटीची भरणी होते: कांदे, सोडे, सुकट, आमसुलं, मिरच्या, मीठ, आंब्याची साठं. भाताचं बियाणं काढून ठेवलेलं असतं. वर्षभर 'बघू', 'करू', 'होईल' म्हणणारी माणसं दुपारच्या उन्हात पन्हळ साफ करायला शिडीवर चढलेली दिसतात. कारण सात-आठ जूनला मिरग लागतो आणि मिरग कुणाला मुदतवाढ देत नाही.

हर्णे बंदरातले बोटवालेही तसेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत इंजिन उघडायचं, फळ्या बदलायच्या, जाळी ओवायची. ऑगस्ट उजाडला आणि बोट किनाऱ्यावरच असली, तर घरात चूल कशाची पेटवायची? त्यामुळे ती कामं होतातच.

आणि याच माणसांच्या घरात काही कामं वीस-वीस वर्षं पडून असतात. शेजाऱ्याशी हद्दीचं बोलणं. डोळ्याचं ऑपरेशन. मोजणीचा अर्ज. मुंबईच्या चुलतभावाला लिहायचं पत्र. सातबाऱ्यावर आजोबा, पणजोबा अजून जिवंत असल्यासारखे नांदत असतात. मी आमच्या लोकांना आळशी म्हणून घेणार नाही. कोकणी माणूस आळशी, हे वाक्य बहुधा चार दिवस समुद्रावर येऊन गेलेल्या कुणीतरी काढलेलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. काही कामांना मिरग असतो आणि काहींना नसतो. माझ्या गळ्यात असं बिनमिरगाचं एक काम बरीच वर्षं होतं. ते कसं मार्गी लागलं ते सांगतो.

मी दापोलीत हिशेबाचं काम करतो. जीएसटी, आयकर, दोन-तीन पतसंस्थांची पुस्तकं. बोटवाले, हॉटेलवाले, काजूवाले अशी गिऱ्हाइकं. जीएसटीचं ३-बी विवरणपत्र दर महिन्याच्या २० तारखेला जातं म्हणजे जातं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, उलाढाल शून्य असली तरी २०. माझ्या गिऱ्हाइकाला असा दंड माझ्यामुळे भरावा लागला, असं मला आठवत नाही. सांगायचा मुद्दा हा, की मला वेळेत काम करता येत नाही असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. मीसुद्धा नाही. आणि नेमकी तीच अडचण होती.

बाबा २०१६ च्या पावसाळ्यात गेले. आमची वाडी आंजर्ल्याच्या बाजूला, खाडीपासून फार लांब नाही. माड, पोफळी, थोडी आंब्याची कलमं, वर घरठाण. सातबाऱ्यावर बाबा आणि काका, दोघांचं सामाईक. बाबांच्या जागी आमची नावं लावायची, एवढंच करायचं होतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे असा हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना मी ते सांगतही होतो. पण हे तीन महिने उलटून गेले म्हणून कौल गळत नाही की पाणी घरात येत नाही. तारीख होती, पण पाऊस नव्हता.

पहिलं वर्ष सुतक, वर्षश्राद्ध, आईची तब्येत यात गेलं. ते गेलं तर गेलं, त्याला मी चालढकल म्हणत नाही. चालढकल पुढच्या वर्षी सुरू झाली. आधी म्हटलं, मार्च संपू दे. मार्च संपल्यावर आंबा सुरू झाला. मग पाऊस, मग गणपती, मग ऑडिट. दर वेळी कारण खरं असायचं. खोटं कारण मी कधी दिलं नाही. फक्त तेवढीच खरी कारणं दुसऱ्या कामांच्या आड कधी आली नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या इकडची दाणादाण उडवून गेलं. पोफळी मधूनच मोडून पडल्या. माड मुळासकट आडवे झाले. घराच्या कौलांचा तर चुरा. सकाळी वाडीत सावली होती, दुपारनंतर नुसतं आभाळ. पुढे पंचनामे झाले, भरपाई आली. ती सातबाऱ्यावरच्या नावांना मिळणार. आमच्या सातबाऱ्यावर एक नाव काकांचं, दुसरं चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं. मग वारसांची संमतीपत्रं, मृत्यूचा दाखला, सह्या. टाळेबंदीत भाऊ डोंबिवलीला अडकलेला, ताई चिपळूणला. शेजारच्या वाड्यांची रक्कम खात्यावर पडली तेव्हा आमचे कागद अजून फिरत होते.

एवढं झाल्यावर तरी मी उठेन, असं कुणालाही वाटेल. नाही उठलो. इथेच पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की हे प्रकरण नफ्या-तोट्याच्या हिशेबानं चालत नाही. तोटा कळून, सोसूनही हात हलत नव्हता. उलट त्या प्रसंगानंतर सातबारा हा शब्द जरी निघाला तरी मी विषय बदलायला लागलो.

उपाय काय कमी केले? पाडव्याला संकल्प केला. पहाटे पाचला उठायला लागलो. त्याचा फायदा हा झाला, की पतसंस्थेचं काम दोन दिवस आधी संपायला लागलं. मोबाइलवर कामांची आठवण करून देणारं ॲप घेतलं. ते रोज सकाळी नऊला 'वारसनोंद' असं म्हणायचं आणि मी रोज सकाळी नऊला त्याला 'उद्या' म्हणायचो. आम्हा दोघांचं छान जमलं होतं. एकानं सांगितलं, यादी करा. यादी तर मी अशी सुरेख केली, रंगीत पेनांनी, पोटकलमांसह, की ती करून झाल्यावर काम झाल्याचंच समाधान मिळालं.

बदल झाला तो एका कोऱ्या वहीमुळे, आणि तीही सहज. हिशेब जुळत नसेल तर आम्ही काय करतो? व्यवहार घडला तसा लिहून काढतो. चूक शोधायला बसत नाही, आधी नोंद करतो. तेच इथे करून बघावं, असं वाटलं. पानावर तीन रकाने पाडले. काय करायचं होतं. त्याऐवजी काय केलं. आणि हात दुसरीकडे वळायच्या क्षणाआधी मनात काय आलं होतं. तिसऱ्या रकान्यात फार खोल काही लिहायचं नाही, जे वाक्य आलं ते तसंच उतरवायचं.

त्यातल्या काही नोंदी अशा. अर्ज लिहायचा होता. टेबलाचा खण आवरला. 'ताईला काय सांगू'. दाखल्याच्या प्रती काढायच्या होत्या. मोटारसायकलचा विमा भरला, मुदत संपायला महिना असताना. 'बाबांच्या नावापुढे मयत लिहावं लागेल'. काकांना फोन करायचा होता. एका बोटवाल्याची डिझेलची बिलं लावली. 'काका म्हणतील ताईचं काय ठरलं'. तलाठ्यांकडे जायचं होतं. गेलो नाही, बाजारातून सुरमई घेऊन आलो. 'इतका उशीर का, विचारतील'.

महिनाभरात वही बऱ्यापैकी भरली आणि दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, मधल्या रकान्यात एकही चैन नव्हती (सुरमई सोडून). सगळी कामंच होती. म्हणजे मी काम टाळायला काम करत होतो. बाहेरून बघणाऱ्याला मी तालुक्यातला सगळ्यात उद्योगी माणूस वाटलो असतो, आणि खरं सांगायचं तर माझं ऑफिस इतकं लखलखीत आधी कधी नव्हतं. दुसरी गोष्ट, तिसऱ्या रकान्यात कागदांचा कंटाळा कुठेच नव्हता. अर्ज, शपथपत्र, प्रती यांचं मला काहीच नव्हतं, तो माझा धंदाच. तिथे दोनच गोष्टी फिरून फिरून येत होत्या. ताई, आणि बाबांचं नाव कमी होणं.

त्या सुमारास मी या विषयावर वाचायला लागलो. तोवर मला वाटत होतं, की चालढकल म्हणजे वेळेच्या नियोजनाचा घोटाळा. फ्युशा सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१३ चा एक लेख आहे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस काम पुढे ढकलतो तेव्हा तो खरं म्हणजे त्या कामासोबत येणारी वाईट भावना पुढे ढकलत असतो. आत्ता, या घडीला बरं वाटावं म्हणून. आणि बरं वाटतंही, तेच तर वाईट. अर्ज मिटून खण आवरायला घेतला की छाती हलकी होते. ही हलकी झालेली छाती पुढच्या वेळी परत तेच करायला लावते. वहीतला तिसरा रकाना नसता, तर हे वाचून मी मान डोलावली असती आणि पान उलटलं असतं. वही समोर असल्यामुळे ते अंगाला लागलं.

कॅलगरी विद्यापीठाच्या पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरचे तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले होते. त्यात मला टोचलेली गोष्ट अशी, की परिपूर्णतेचा हव्यास आणि चालढकल यांचा फारसा संबंध त्यांना आढळला नाही. मी मनातल्या मनात हेच तर सांगत होतो: मला सगळं एकदम नीट करायचंय, काकांचा हिस्सा, घरठाण, मोजणी, सगळं एका फटक्यात, म्हणून थांबलोय. हे कारण मला फार आवडायचं. त्यात थांबण्यालाही प्रतिष्ठा होती. ते गेलं. उरलं ते हे, की काम जितकं नकोसं आणि त्याचं फळ जितकं लांब, तितकं ते ढकललं जातं. आणि जवळचा मोह ज्याला आवरत नाही तो जास्त ढकलतो. मोह म्हणजे दर वेळी मोबाइलच असतो असं नाही. माझा मोह डिझेलची बिलं हा होता.

आता ताईची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल घरात भांडण होतं. काही भांडण नव्हतं. आमच्याकडे रीत अशी, की बाप गेल्यावर नावं लावताना बहिणीला विचारायचं, 'हक्क सोडतेस ना?' विचारतात तेही असं, की उत्तर 'हो'च यावं. मग दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदवायचं, बहिणीला साडी, वर्षाला आंब्याची पेटी. कायदा काय सांगतो हे मला माहीत होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाच्या मिळकतीची वारस होतीच, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली. ताई, आई, भाऊ, मी, चौघं सारखे. मला तिचा हक्क नको होता. पण गावात आणि काकांच्या घरात गृहीत धरलेलं होतं, की मी तिला तो प्रश्न विचारणार. विचारला तर ताईला काय वाटेल. न विचारता नाव लावलं तर काका काय म्हणतील. या दोन दगडांच्या मध्ये मी वर्षानुवर्षं बसून राहिलो होतो, आणि बाहेर सांगत होतो की ऑडिट चालू आहे.

एकदा गाठ कुठे आहे हे कळल्यावर काम एकदम लहान झालं. वारसनोंद बाजूला राहिली, उरला एक फोन. पण एक फोनसुद्धा 'करू कधीतरी'च्या राज्यात गेला की संपला. इथे मला पीटर गोलविट्झर यांची गोष्ट उपयोगी पडली. ते जर्मन मानसशास्त्रज्ञ. १९९९ मध्ये त्यांनी मांडलं, की 'मी अमुक करणार' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक घडलं की लगेच तमुक करणार' असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. वेळ आणि जागा आधीच बांधून टाकायची, म्हणजे त्या क्षणी मनाला वाद घालायला फट राहत नाही. आमची आई दिवेलागणीला देवाजवळ निरांजन लावते आणि जपाला बसते. मी वहीत लिहिलं: आई जपाला बसली की ओटीवर जायचं आणि ताईला फोन लावायचा. काय बोलायचं तेही लिहिलं, आणि एकच वाक्य: 'सातबाऱ्यावर नावं लावायची काढलीत, तुझ्या आधारकार्डाचा फोटो पाठव.' हक्कसोडीचा प्रश्न वाक्यात नव्हताच.

त्या संध्याकाळी आई जपाला बसली, आणि मला एकाएकी आठवलं की पंपाचा स्टार्टर बघायचा राहिलाय. हसूच आलं. वहीत ही नोंद मी आधी अनेकदा केलेली होती, फक्त पंपाच्या जागी दुसरं काहीतरी. ओटीवर गेलो आणि फोन लावला.

ताई म्हणाली, "माझं पण लावणार आहेस नाव?"

"कायद्यानंच लागतं."

"कायदा राहू दे. तू काय म्हणतोस?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. "लावू म्हणतो," म्हटलं.

"मग लाव. मी कधीची वाट बघत होते तू काय बोलतोस त्याची. गेल्या गणपतीत काकू मला विचारत होत्या, सही केलीस का म्हणून. मी म्हटलं, मला कुणी काही विचारलंच नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि हे बघ, सुपारीचा हिशेब मला पण पाठवत जा. नुसत्या नावाला मी काय करू?"

"पाठवीन."

"हिशेबनीस आहेस, लोकांचे करतोस. आणि आईला सांग, कोकमं पाठवू नको, गेल्या वर्षीची अजून आहेत."

इतकंच. ज्याच्या भीतीनं मी सगळी खाती वेळेआधी जुळवत होतो, ते बोलणं चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य कोकमांचं होतं.

काकांशी बोलणं यापेक्षा सोपं गेलं असं नाही. ते म्हणाले, "आपल्यात असं कधी झालं नाही." मी म्हटलं, "काका, तुमच्या हिश्शाला यात हात लागत नाही. बाबांच्या जागी कोण, एवढंच आहे." ते महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. मग गणपती आले, आरतीला माणसं जमली, झांजा कुणी घ्यायच्या यावरून नेहमीचा वाद झाला आणि ते तुटकपण त्यात विरून गेलं. त्याच गणपतीत भाऊ आला होता. त्याचे आणि वहिनीचे... नाही, वहिनीचे लागत नाहीत, पण त्याला वाटलं लागतील म्हणून तो दोघांचेही कागद घेऊन आला. कोकणातल्या माणसाला एक सांगून ठेवतो: घरातल्या कुठल्याही सह्या-कागदांच्या कामाला गणपती हा खरा मिरग आहे. दिवाळीला सगळे येतीलच असं नाही, मे महिन्यात आले तरी समुद्रावर असतात. गणपतीला येतात आणि घरात असतात.

मुदतीबद्दलही एक प्रयोग मला आवडला. डॅन अॅरिअली आणि क्लाऊस वेर्टेनब्रोख यांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तीन निबंध द्यायचे होते. काहींना ठरावीक अंतरानं मुदती लावून दिल्या, काहींना आपापल्या मुदती निवडायला सांगितल्या. स्वतः निवडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी सगळं शेवटच्या दिवसावर न ठेवता मधल्या तारखा स्वतःवर लावून घेतल्या, कारण आपली खोड त्यांना माहीत होती. तरी बाहेरून सारख्या अंतरानं लावून दिलेल्या मुदतींचा निकाल जास्त चांगला लागला. माझा अनुभवही असाच. मी स्वतःला दिलेली तारीख मी कधीच गंभीरपणे घेत नाही. देणारा कोण आहे हे मला ठाऊक असतं. पण जी तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी येण्याजाण्याला बांधलेली आहे, ती मी मोडत नाही. भाऊ अनंत चतुर्दशीनंतर जाणार म्हणजे जाणार.

अर्ज देण्याचं प्रत्यक्ष काम किती बारीक होतं ते सांगितलं तर हसाल. मला इतकी वर्षं वाटत होतं, की सगळ्या वारसांना तलाठ्यांसमोर उभं करावं लागेल. तसं काही नाही. वारसांपैकी एकानं अर्ज केला तरी चालतो. सगळ्या वारसांची नावं, पत्ते, नातं लिहिलेलं शपथपत्र, मृत्यूचा दाखला, ओळखीचे कागद जोडायचे. हल्ली ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारसाची नोंद घेतात, गावात सरपंच, पोलीस पाटील यांच्याकडे चौकशी करतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दुसऱ्यांच्या विवरणपत्रांतले बारकावे तोंडपाठ असणारा माणूस हे इतकं साधं कधी नीट वाचत नाही, याला कारण एकच: वाचायला बसलं की ताई आठवायची.

तलाठ्यांकडे जाताना मी उशिराचं स्पष्टीकरण तयार करून नेलं होतं. वडिलांनंतर आईचं आजारपण, मग टाळेबंदी, मग वादळ, असं सगळं क्रमवार. त्यांनी अर्ज घेतला, दाखला बघितला, म्हणाले, "झेरॉक्स जरा पुसट आहे, दुसरी द्या." उशीर का झाला हे त्यांनी विचारलं नाही. पुढेही कुणी विचारलं नाही.

या लाजेबद्दल दोन शब्द, कारण मला वाटतं निम्मा उशीर तिच्यापायी होतो. काम राहिलं याचं वाईट वाटतं, वाईट वाटतं म्हणून त्या कामाकडे बघवत नाही, बघितलं नाही म्हणून आणखी राहतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास आहे. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. आपल्याकडे सांगतात उलटं: लाज वाटून घे, म्हणजे करशील. मी भरपूर वाटून घेतली होती. तिनं माझ्याकडून फक्त खण आवरून घेतले.

फेरफार मंजूर झाला आणि नवा सातबारा हातात आला, तेव्हा आधी माझी नजर ताईच्या नावावर गेली. सासरचं आडनाव बरोबर छापलंय का, वेलांटी नीट आहे का. धंद्याची सवय. बाबांच्या नावावर मारलेली आडवी रेघ मला त्यानंतर दिसली. ती बघवणार नाही म्हणून मी इतकी वर्षं अर्जापासून लांब पळत होतो. बघवली. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि एसटी पकडली.

वही अजून चालू आहे, पण रोज नाही. एखादं काम दुसऱ्यांदा टळलं, की तेवढ्यापुरते रकाने पाडतो. बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात कुणीतरी माणूस निघतो. एका जुन्या मित्राला फोन करायचा राहिला होता, त्यात त्याच्याकडून उसने घेतलेले पैसे नव्हते की भांडण नव्हतं. त्याची आई गेल्याचं मला उशिरा कळलं आणि आता काय बोलायचं हे सुचत नव्हतं. दाढेचं काम राहिलं होतं, त्यात मात्र माणूस नव्हता, नुसती सुई होती. तिथे वहीचा काही उपयोग झाला नाही. दाढ ठणकायला लागली तेव्हा गेलो.

आणि काही कामं टळतात ती टळावीतच. वाडीच्या मागच्या बाजूला गडगा घालायचा माझ्या यादीत कायम होता. चिरा किती, गडी किती, सगळा हिशेब तयार. रकाने पाडले तेव्हा तिसऱ्यात आलं, 'कशाला?' खरंच, कशाला? तिकडून गुरं येत नाहीत, शेजाऱ्यांशी बोलणं आहे, आणि त्यांची बाई तिथूनच पाण्याला येते. गडगा यादीतून काढला. त्याला चालढकल म्हणत बसलो असतो तर तो अजून छातीवर असता.

हेही सांगून ठेवतो, की हे सगळं एखाद-दुसरं काम अडलेल्या माणसासाठी आहे. ज्याला अंघोळ, जेवण, साधं उठणंही पुढे ढकलावंसं वाटतं आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, त्याच्या हातात वही देऊन भागत नाही. तो आजार असू शकतो, त्याला डॉक्टर लागतो. गावात अशा माणसाला पटकन ऐदी म्हणतात आणि मोकळे होतात. आमच्याच वाडीत असा एक जण होता. औषध सुरू झाल्यावर तो सकाळी सगळ्यांच्या आधी माडावर चढायला लागला.

गिऱ्हाइकांशी वागणंही थोडं बदललं आहे. पूर्वी मी बोटवाल्याला म्हणायचो, "सगळी बिलं आणून द्या हो." तो 'आणतो' म्हणायचा आणि गायब व्हायचा, मग २० तारखेच्या आदल्या रात्री पिशवीभर ओले कागद. आता म्हणतो, "मंगळवारी लिलाव आटोपला की वर येताना फक्त डिझेलच्या पावत्या आणा. बाकी काही नको." पावत्या येतात. कधीकधी त्यांच्याबरोबर बाकीचंही येतं. एक जण मात्र अजून आणत नाही, आणि मला आता त्याचा राग येत नाही. त्याच्या पिशवीत एखादं असं बिल असणार, जे मला दाखवायचं त्याच्या जिवावर आलंय. ते कुठलं, हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात बंदरावर जाणार आहे.

सुपारीचा हिशेब ताईला दर वर्षी शिमग्याच्या आत पाठवायचा, असं तिनंच ठरवून दिलंय. यंदाचा तिनं मागायच्या आधी गेला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: "मजुरी दोनदा धरली आहेस. आणि माडाच्या झावळ्या विकल्या त्याचं काय?" झावळ्यांचं मी लिहिलंच नव्हतं. आता त्यासाठी वेगळं पान केलं आहे.